ताळ्यावर आणणारे हरेश्वरभाऊ

विहीणबाईंची वांगी रंगाची पैठणी मी निळी केली.

मुद्दाम नाही केली. मुद्दाम करायला लागते तेवढी अक्कल असती तर चूकच झाली नसती. वसईच्या एका हॉलमध्ये लग्न होतं, मी शूटिंगवाला होतो, माझे तीन कॅमेरे होते आणि तिघांचं आपसात पटत नव्हतं. एकात भटजी गुलाबी, दुसऱ्यात पिवळे, तिसऱ्यात नुकतेच तापातून उठल्यासारखे. मी नालासोपाऱ्याच्या माझ्या गाळ्यात बसून, माझ्या मॉनिटरवर बघून, सगळं छान करून टाकलं. त्या मॉनिटरवर काहीही छानच दिसायचं. एकदा मी त्यावर माझा दाढ दुखतानाचा फोटो पाहिला होता, तर मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

लग्न उमेळ्याच्या पूर्वाचं. पूर्वाची आई ती लहान असतानाच गेली. मग ती अर्धी उमेळ्यात बापाकडे आणि अर्धी कळंबला नलूआत्याकडे वाढली. विहिणीच्या मानाची साडी आत्याने स्वतः निवडली होती. दुकानदाराला सात जन्म पुरेल एवढा त्रास देऊन तिने नेमका वांगी रंग काढायला लावला, असं पूर्वा सांगायची. आणि हळदीच्या दिवशी हळदीच्याच पाण्यावरून घसरून आत्याचा पाय मोडला. लग्न हुकलं. बिचारी पाय उशीवर ठेवून पावसाळाभर माझ्या व्हिडिओची वाट बघत होती.

व्हिडिओ आला. रिसेप्शन सुरू झालं. स्टेजवर नवऱ्या मुलाची आई, सुमनताई, निळ्याशार पैठणीत उभ्या.

"बंद कर," आत्या म्हणाली. "ही साडी माझी नाय."

मानपानाच्या भाषेत याचा अर्थ काय होतो ते मी सांगायला नको. दिलेला मान कपाटात ठेवला आणि दुसऱ्याच कोणाची तरी साडी नेसून मिरवल्या! सुमनताई शपथेवर सांगत होत्या, तीच नेसले होते. त्यांनी साडी काढून फोनवर दाखवली. आत्याने सांगितलं, "कपाटात हाय म्हंजे अंगावर होती कय?" पाहुण्यांचे मोबाइल तपासले गेले. अर्ध्यांत साडी निळी, अर्ध्यांत जांभळी. गंमत अशी की माझा व्हिडिओ पाहिल्यावर, हॉलमध्ये हजर असलेल्या लोकांनाही ती निळीच आठवायला लागली. पुरुषांना तर त्या दिवशी फक्त बासुंदी आठवत होती.

आत्याचा पाय बरा झाला, पण उमेळ्याच्या दिशेने वळायला तयार होईना. "ती खरं बोलल्याशिवाय मी दिवाळसनाला येत नाय." इकडे सुमनताई म्हणाल्या, "मला खोटारडी ठरवणाऱ्या घरात माझा मुलगाही जाणार नाही." पूर्वाने मला फोन केला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांत होती. म्हणाली, "दादा, माझा पहिला दिवाळसण आहे. आत्या नसेल तर मला ओवाळणार कोण? तुम्ही केलंय, तुम्हीच निस्तरा."

मी निस्तरलं. संगणकावर निळा रंग पकडला आणि जांभळ्याकडे ढकलला. साडी वांगी झाली. त्याबरोबर नवरदेवाचा निळा सूट वांगी झाला, पाण्याच्या बाटल्यांची झाकणं वांगी झाली, आणि मागच्या पडद्यावर संध्याकाळचं जे आकाश रंगवलेलं होतं तिथे प्रलयाची चिन्हं दिसायला लागली. माझ्या मॉनिटरवर तेही छान दिसत होतं. मी पाठवून दिलं.

आत्याचा निरोप आला: "शूटिंगवाल्याला त्यांनी फितवलाय."

तेव्हा पूर्वाच्या वडिलांनी माझा दंड धरला आणि मला शेजारच्या वाडीत नेलं. केळीच्या दोन ओळी उरल्या होत्या, त्यांच्यामागे नव्या इमारतीचे परांचे, आणि मध्ये एक बैठं घर. दारावर हाताने रंगवलेली पाटी होती: 'येथे मॉनिटर ताळ्यावर आणले जातात. टीव्ही दुरुस्ती होत नाही. विचारू नये.'

हे हरेश्वरभाऊ चुरी.

आयुष्यभर त्यांनी एका वाहिनीच्या स्टुडिओत कॅमेरे जुळवायचं काम केलं. म्हणजे पाच कॅमेऱ्यांत एकच बाई बसली असेल तर ती पाचांतही एकच बाई दिसली पाहिजे, पाच बहिणी नव्हेत. निवृत्त झाल्यावर घरी स्वस्थ बसतील अशी वहिनींची, म्हणजे शैलावहिनींची, अपेक्षा होती. त्याऐवजी भाऊंनी मागची खोली राखाडी रंगवली. भिंती राखाडी, पडदे राखाडी, सतरंजी राखाडी. "कावळ्याच्या पोटात राहायला आल्यासारखं वाटतं," असं वहिनी म्हणायच्या. भाऊ स्वतःही राखाडी शर्टच घालायचे, कारण रंगीत शर्टाचा उजेड पडद्यावर पडतो आणि माणूस फसतो.

मी त्या दिवशी भगव्या टी-शर्टात होतो. भाऊंनी मला दारातच अडवलं. एका खुंटीवर पाहुण्यांसाठी दोन राखाडी शर्ट टांगलेले होते, न्हाव्याकडे कापड असतं तसे. मला मिळालेला शर्ट गुडघ्यापर्यंत आला.

"आता बोला, शूटिंगवाले. पांढरं म्हणजे काय?"

मी म्हटलं, "पांढरं म्हणजे पांढरं."

"वहिनींना हाक मार," ते पूर्वाच्या वडिलांना म्हणाले. वहिनींना हे नवं नव्हतं. एका ताटात मीठ, खोबऱ्याची वाटी, सोललेलं अंडं, कोरा कागद आणि भाऊंचा धुतलेला बनियन घेऊन त्या आल्या. ताट खिडकीत ठेवलं. सगळं पांढरं होतं आणि एकही दुसऱ्यासारखं नव्हतं. हे मी त्याआधी जन्मात पाहिलं नव्हतं.

"यातलं पांढरं कुठलं?"

मी आदर म्हणून बनियनवर बोट ठेवलं.

"तो तर सगळ्यात निळा! नीळ घातलीये त्याला." भाऊंना माझ्या अज्ञानाचा एवढा आनंद झाला की त्यांनी मला अंडं खायला दिलं. "आधी पांढरं ठरवायचं. मग बाकीचं बोलायचं. दोन माणसांचं पांढरं एक नसेल तर त्यांनी तांबड्यावर चर्चा करू नये. डोळा लाचखाऊ असतो रे. पिवळ्या दिव्याखाली बसव, पाच मिनिटांत तो पिवळ्याला पांढरं म्हणायला लागतो. जिकडे मुक्काम, तिकडचं मीठ."

मग त्यांनी कपाटातून एक काळं यंत्र काढलं, साधारण माऊसएवढं, शेपटीला वायर. ते पडद्याच्या छातीवर टेकवायचं. पडद्यावर एकामागून एक रंगांचे चौकोन येतात आणि यंत्र प्रत्येकाचं माप घेतं. मागितलेला रंग एक आणि पडद्याने दिलेला दुसरा असेल तर फरक सांगतं. कंपन्या त्याला काहीही म्हणोत, भाऊ त्याला साक्षीदार म्हणायचे. "डोळा लाच खातो. हा खात नाही."

दुसऱ्या दिवशी ते माझा मॉनिटर बघायला गाळ्यात आले. आल्याबरोबर तपासतील असं मला वाटलं, तर म्हणाले, "आधी चालू करून ठेव. तापू दे. झोपेतून उठलेल्या माणसाची साक्ष काढतात का?" मॉनिटर तापेपर्यंत त्यांनी गाळ्याची पाहणी केली. खिडकीला पोपटी पडदा. मागे लाल दिव्यांची माळ. देवापुढे निळा बल्ब. भाऊंनी प्रत्येक वस्तूकडे पाहून मान हलवली, ज्या तऱ्हेने डॉक्टर जुन्या रिपोर्टांकडे पाहून हलवतात. शेवटी साक्षीदार पडद्यावर टेकवला, हात जोडून बसले, आणि आकडे आले तेव्हा एवढंच म्हणाले, "यावर तू लग्नं करत होतास?"

"चालत होतं, भाऊ."

"यावर हॉटेलचं मेनूकार्डसुद्धा बघू नये. माणूस नको ते मागवेल."

भाऊंबरोबर बाहेर जाणं ही एक शिक्षा असते, हे पुढच्या काही आठवड्यांत मला कळलं. रंगाच्या दुकानदाराने त्यांना लांबून पाहिलं की शटर अर्धं खाली यायचं. कारण भाऊ राखाडीचे डबे उघडून, पट्ट्या रंगवून, त्या भर रस्त्यात उन्हात धरायचे आणि "हा राखाडी नाही, हा लाजलेला हिरवा आहे" असं मोठ्याने जाहीर करायचे. एका सत्यनारायणाला ते यजमानांना म्हणाले, "तुमच्या ट्यूबखाली शिरा हिरवा दिसतोय हो." एवढंच. वाईट हेतू काही नव्हता. पण त्या घरी शिऱ्याचं पातेलं तसंच उरलं. वहिनी घरी येईपर्यंत बोलल्या नाहीत, आणि मग त्यांच्या घरच्या बोलीत जे बोलल्या त्यातलं मला अर्धंच कळलं. उरलेल्या अर्ध्याचा अर्थ भाऊंच्या चेहऱ्यावर होता.

वसई स्टेशनजवळच्या एका हॉटेलात आम्ही चहाला गेलो होतो. टीव्हीवर क्रिकेट चालू होतं, शेवटचं षटक होतं, माणसं उभी राहून बघत होती. भाऊंना मात्र धावा दिसतच नव्हत्या. "खेळपट्टी बघ. खेळपट्टीवर गवत उगवलंय." मी म्हटलं, "भाऊ, राहू द्या." तोवर रिमोट त्यांच्या हातात होता. पडद्यावर सेटिंगची यादी उघडली आणि बरोबर तिच्यामागे कोणीतरी चेंडू टोलावला. चौकार की झेल, हॉटेलातल्या कोणालाच दिसलं नाही. जो आरडाओरडा झाला त्यात भाऊंचा आवाज सगळ्यांत वर होता: "आता बघा! आता माती मातीसारखी दिसतेय!" आम्हाला चहा मिळाला नाही. मला त्या हॉटेलात अजूनही कोपऱ्यातल्या, टीव्ही न दिसणाऱ्या टेबलावरच बसवतात.

पैठणीची केस त्यांनी पहिल्याच दिवशी सोडवली होती. "हॉलमधले एलईडी. त्या दिव्यात निळं भरपूर असतं आणि तांबडं जेमतेम. वांगी रंग म्हणजे दोघांचा संसार. कॅमेऱ्याला निळाच जास्त दिसला. तू अजून गाढवपणा करून पांढरं ठरवलंच नव्हतंस. बाई खरं बोलतायत."

"मग व्हिडिओ दुरुस्त करून पाठवू या ना."

"आता तू देवाला साक्षी ठेवून दुरुस्त केलास तरी म्हातारी म्हणणार, रंगवला. तिला समोर दाखवायला पाहिजे. तिच्या घरी, तिच्या टीव्हीवर, तिच्या डोळ्यांदेखत."

दिवाळी तोंडावर आली होती. एका सकाळी आम्ही पूर्वाच्या वडिलांच्या टेम्पोतून कळंबला निघालो. भाऊ पुढे, मांडीवर साक्षीदार. मागे मी, माझा कॅमेरा आणि डेकोरेटरकडून आणलेला त्याच हॉलचा दिवा. पूर्वा सासूकडून साडी घेऊन आली होती आणि ती तान्ह्या बाळासारखी कुशीत धरून बसली होती. वहिनीही आल्या. "मानपानाच्या भांडणात नुसते पुरुष गेले की काम वाढतं," म्हणाल्या.

वाटेत भाऊंची कुरकुर चालू होती. हल्ली दुकानदार पिवळेच बल्ब देतात. हल्ली कागदात पांढरेपणा उरला नाही. हल्ली आकाशसुद्धा धुतल्यासारखं नसतं. वहिनी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघत होत्या, हे मी पाहिलं. पण मला वाटलं, शिऱ्याचाच राग असेल.

नलूआत्या ओटीवर बसली होती. वाऱ्याबरोबर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता. तिने पूर्वाला जवळ घेतलं, वहिनींना पाट दिला, भाऊंना नमस्कार केला. मग माझ्याकडे वळली.

"शूटिंगवाले पन आलेत? आज कय रंगवनार? मना?"

मी कॅमेऱ्याच्या पिशवीत तोंड घातलं.

भाऊंनी टीव्ही चालू केला आणि बसून राहिले.

"आता कय?" आत्या म्हणाली.

"तापतोय."

"टीव्ही हाय का भाकरीचा तवा?"

तापल्यावर भाऊंनी साक्षीदार लावला, चौकोन आले नि गेले, भाऊंनी एक एक गोष्ट जागेवर आणली. टीव्ही ताळ्यावर आला. इथपर्यंत सगळं नेहमीसारखं. पण यंत्र काढल्यावर भाऊंनी मागे सरून पडद्याकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "निळा कमी पडतोय." रिमोट घेऊन त्यांनी निळा वाढवला. थोडा अजून. "हं. आता झालं."

मी म्हटलं, "भाऊ, साक्षीदार तर..."

"साक्षीदार माझ्याकडे शिकला. मी त्याच्याकडे नाही."

अंगणात उन्हात दोरीवर पैठणी टाकली. मी कॅमेरा लावला, भाऊंनी शिकवल्याप्रमाणे आधी कोरं कार्ड धरून पांढरं ठरवलं, वायर घरातल्या टीव्हीला जोडली. उन्हात साडी अशी झळकत होती की आत्या क्षणभर आपलंच कौतुक करत असावी. मग सगळे आत जाऊन टीव्हीसमोर उभे राहिले.

टीव्हीवर साडी निळी होती. हॉलमध्ये होती तेवढी नाही; पण वांगीही नाही.

"बघा," आत्या हळूच म्हणाली. तिचा आवाज चढला असता तर बरं. "उन्हातपन निळीच दाखवता. तुमाला मना येडी ठरवायचीच हाय."

पूर्वाने माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याकडे पाहिलं. तिथे साडी वांगी होती. चूक माझी नव्हती. माझ्यासाठी हा अनुभव इतका नवा होता की काय करायचं तेच सुचेना.

"अगदी बरोबर दिसतेय," भाऊ म्हणाले. "बाहेर जशी आहे तशी."

"नाही दिसत," वहिनी म्हणाल्या.

"शैला, तुला यातलं..."

"यातलं कळत नाही मला. वांगी कळतात. रोज चिरते." वहिनी पुढे आल्या. "डोळा लाच खातो, असं जगाला सांगत फिरता. तुमचा काय सोवळ्यात आहे? साक्षीदाराने सांगितलं ते बरोबर होतं. तुम्ही त्याला दाबलंत."

पाहुण्यांच्या घरी, चारचौघांत. मला वाटलं आता भाऊ रिमोट फेकणार. निवृत्त माणसाकडे उरतो तो त्याचा डोळा, आणि तोच खोटा पडला होता. पण ते अंगणात गेले, साडीजवळ उभे राहिले. एक डोळा झाकला. मग दुसरा. मग पदर हातात घेऊन नाकाजवळ आणला, जणू रंगाचा वास घ्यायचा होता.

"शैला," ते म्हणाले, "मला ही साडी चॉकलेटी दिसते गं."



"कधीपासून?" वहिनींनी विचारलं.

"मागे तू जांभळी साडी घेतलीस, मी म्हटलं कॉफीसारखी दिसते..."

"मला वाटलं चेष्टा करताय. मी ती रागाने भाचीला देऊन टाकली."

"मला वाटलं तू चेष्टेने कॉफीला जांभळी म्हणतेस."

तेवढ्यात आत्या ओटीवरून म्हणाली, "मोतीबिंदू. माज्या नवऱ्याला झालेला. त्याला दूधपन चहासारखं दिसायचं. रोज भांडायचा, म्हने दुधात पत्ती कोन टाकतं."

भाऊ आत आले. स्वतःच्या हाताने वाढवलेला निळा त्यांनी परत होता तिथे नेला, साक्षीदार पुन्हा लावून खात्री केली, आणि टीव्हीसमोरची खुर्ची ओढून वहिनींना दिली. "इथे बस. तू सांगशील तो रंग." वहिनी त्या दिवशी लालभडक साडीत होत्या. भाऊंनी आत्याकडून एक जुनी मळकी चादर मागून घेतली आणि वहिनींना गळ्यापासून पायापर्यंत गुंडाळलं. समाधीला बसलेल्या बुवासारख्या त्या दिसत होत्या. अशा वेशात त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, दारातून साडीकडे पाहिलं, पुन्हा टीव्हीकडे.

"वांगं," म्हणाल्या. "भरायचं."

मग खिडक्या लावल्या, साडी घरात आणली आणि हॉलचा दिवा पेटवला. तो दिवा, तो कॅमेरा. यावेळी पांढरं ठरवायचं नाही, मी हॉलमध्ये केला तसाच गाढवपणा करायचा, असं भाऊंनी सांगितलं. ते मला सहज जमलं. आत्याच्या हातात पदर होता, वांगी. टीव्हीवर आत्याच्या हातातला पदर निळाशार. आत्याने पदर हलवला. टीव्हीतला निळा पदर हलला. तिने तो उलटा केला, झटकला, अंगाभोवती घेतला, एकदम सोडला. टीव्हीलाही फसवता येतं का ते ती बघत होती.

शेवटी खाली बसली. मी धीर करून एलईडी, निळं, तांबडं, संसार वगैरे समजावायला लागलो.

"तुमी गप ऱ्हावा," आत्या म्हणाली. "दिव्याचं मना कय कळत नाय. पन हा माणूस आपल्या बायकोसमोर, चार लोकांत, माजा डोळा चुकला म्हनाला. असा माणूस दुसऱ्याची साडी कशाला रंगवील?" मग पूर्वाला म्हणाली, "लाव फोन तुज्या सासूला."

फोन लागला. आत्याने घसा साफ केला.

"विहीणबाई, तुमी नेसलेलात. मी चुकलं." पलीकडून सुमनताई काहीतरी बोलल्या, बहुतेक रडत होत्या. आत्याही पदराने डोळे टिपत होती, आणि तो पदर पैठणीचाच होता. सगळं कसं छान मिटलं, असं मला वाटतंय तोच ती पुढे म्हणाली, "पन खरं सांगू? निळी तुमाला जास्त शोभत होती."

पूर्वाने फोन काढून घेतला.

परत येताना साक्षीदार पुन्हा भाऊंच्या मांडीवर होता. उमेळं आल्यावर उतरताना ते एवढंच म्हणाले, "शैला, डॉक्टरची वेळ घे." वहिनी म्हणाल्या, "मागच्या महिन्यातच घेतलीये. तुम्ही कबूल व्हायची वाट बघत होते."

भाऊंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीआधी झालं, दुसरा नंतर व्हायचा होता. मधल्या काळात त्यांच्याकडे दोन जगं होती. उजवा डोळा मिटला की जग चहात बुडवल्यासारखं, डावा मिटला की नीळ घातल्यासारखं. लहान मुलाला खेळणं मिळावं तसं चाललंय, असं वहिनींनी मला फोनवर सांगितलं. राखाडी खोलीत गेले, डावा डोळा झाकला आणि ओरडत बाहेर आले: भिंती पिवळट होत्या. कपाट उघडलं. जे शर्ट ते वर्षानुवर्षं राखाडी म्हणून घालत होते त्यातला एक चक्क फिका हिरवा निघाला.

"हा राखाडी म्हणून दिलास मला?"

"मी कधी म्हटलं राखाडी?" वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, तुमच्या मापाचा आहे. राखाडी तुम्ही म्हणालात. मला घरात एक तरी रंग पाहिजे होता."

दुसरा डोळा झाल्यावर दोघं नाशिकला मुलीकडे राहायला गेली. वाडीत आता इमारत उभी आहे. पाटी मी मागून घेतली. पण ती लावायची माझी अजून हिंमत झालेली नाही. भाऊंना मी शेवटचं पाहिलं ते पूर्वाच्या दिवाळसणाला.

अंगणात कंदील होता, रांगोळी होती, आणि आत्या सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. सुमनताई ती पैठणी नेसून आल्या. आत्याने त्यांना हाताला धरून आधी उन्हात उभं केलं, एकदा खालून वर पाहिलं आणि मग आत घेतलं. जावयाला ओवाळलं, पूर्वाला ओवाळलं. पूर्वाचे डोळे भरले. मी शूटिंग करत होतो. हो, मीच. पुन्हा बोलावलं मला, फुकट करायच्या अटीवर. पांढरं आधी ठरवलं होतं. तिन्ही कॅमेऱ्यांत पूर्वा एकच मुलगी दिसत होती. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो, ठेवणीतला कुर्ता घातला होता, आणि दिवाळीनिमित्त स्वतःची थोडी डागडुजीही केली होती.

भाऊ काळा चष्मा लावून केळीजवळ खुर्चीत बसले होते. मी पाया पडायला गेलो. म्हटलं, "भाऊ, नव्या डोळ्याने मला अजून बघितलं नाहीत."

त्यांनी चष्मा काढला. डावा डोळा झाकला. मला पायापासून बघत बघत वर आले, कपाळापाशी थांबले. उजवा डोळा झाकला, खात्री केली. पुन्हा डावा झाकला. मी आशीर्वादासाठी वाकलेलाच होतो.

"शैला, इकडे ये गं, मला एकट्याला साक्ष द्यायची नाही," ते म्हणाले, आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवून, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात: "शूटिंगवाले, हे केस कुठल्या मॉनिटरवर बघून रंगवलेस रे?"